मिनिटाला किती शब्द, आणि मोजणार कोण?

(एकल स्त्रियांच्या रोजगाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी आपण पोटगी, घरावरचा हक्क आणि रेशनकार्डावरचं नाव याबद्दल बोललो. त्यानंतर लगेच टायपिंगवर बोलायचं म्हणजे मोर्चातून उठून एकदम क्लासच्या बाकावर येऊन बसल्यासारखं काहीजणींना वाटेल. पण आपल्याकडे येणाऱ्या बायकांची यादी डोळ्यांसमोर आणा. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला म्हणून अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची जागा मिळाली, पण ठरावीक मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची अट आहे, अशा बायका येतात. बारावी झालेल्या, माहेरी परत आलेल्या, वय वाढत चाललेल्या मुली लिपिक-टंकलेखकाच्या जाहिराती घेऊन येतात. आणि अलीकडे तिसऱ्या प्रकारच्या बायका येतात. ‘घरबसल्या टायपिंग करा’ या जाहिरातीला फसलेल्या आणि आता मोबाइलवर आलेली वकिलाची नोटीस हातात धरून थरथरणाऱ्या. या तिघींच्या अडचणींचा धागा एकच आहे. त्यांचा वेग आणि त्यांच्या चुका दुसरं कुणीतरी मोजतं. ते कसं मोजतात हे त्यांना माहीत नसतं. म्हणून आज मोजण्याबद्दल बोलायचं.

थोडा इतिहास सांगते, फार नाही. अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स यांनी 1868 साली टंकलेखन यंत्राचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीएने 1881 साली मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला, तेव्हा बाईची प्रकृती हे सोसेल का अशी शंका पुष्कळांना होती. दळण-कांडण सोसतं, बाळंतपणं सोसतात, टायपिंग मात्र सोसणार नाही! पण ती शंका लवकरच विरली, कारण बाई कमी पगारात मिळत होती. 1910 पर्यंत तिथल्या टंकलेखक-लघुलेखकांमध्ये पाचातल्या चार बायका होत्या. त्या काळात इंग्रजीत ‘टाइपरायटर’ हा शब्द यंत्रालाही वापरत आणि ते चालवणाऱ्या बाईलाही. यंत्र आणि बाई यांना एकच नाव. यावर मी वेगळं भाष्य करत नाही.

आपल्याकडे विक्रोळीच्या गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र बाजारात आणलं. त्यानंतरच्या काळात मॅट्रिक झालेल्या मुलीला लग्न ठरेपर्यंत टायपिंगच्या क्लासला घालायचं, ही मध्यमवर्गीय घरांतली रीतच होऊन बसली. तुमच्यापैकी अनेकींच्या आयांनी ‘ए-एस-डी-एफ-जी, सेमीकोलन-एल-के-जे-एच’ ठोकत संध्याकाळी काढल्या असतील. बहुतेक घरांत तो क्लास म्हणजे मुलीला गुंतवून ठेवायची जागा होती. पण त्यातूनच कितीतरी जणींनी स्वतःचा पहिला पगार पाहिला, हेही विसरून चालणार नाही. गोदरेजने 2009 साली ती यंत्रं बनवणं थांबवलं, आणि पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आता ही परीक्षा संगणकावर घेते. यंत्र गेलं, मोजमाप तसंच राहिलं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द, ही अट आजही आहे.

आता हा ‘शब्द’ म्हणजे काय, ते पाहू. आपण समजतो की मिनिटाला 30 शब्द म्हणजे कागदावरचे 30 शब्द. तसं नसतं. ‘मी’ हाही शब्द आणि ‘ग्रामपंचायत’ हाही शब्द. मग ज्याच्या उताऱ्यात ‘मी’, ‘तू’, ‘ती’ जास्त त्याचा वेग जास्त निघेल. म्हणून जुना संकेत असा आहे, की कळीवरचे पाच ठोके म्हणजे एक शब्द. मधली मोकळी जागासुद्धा एक ठोका धरायची. ‘मी’मध्ये म आणि दुसरी वेलांटी असे दोन ठोके. ‘ग्रामपंचायत’ एकेक चिन्ह धरून मोजलं तर ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त असे अकरा. म्हणजे मोजमापाच्या हिशेबात तो एकटाच दोन शब्दांहून मोठा. मिनिटाला 30 शब्द म्हणजे मिनिटाला दीडशे ठोके, सेकंदाला अडीच. हे कळलं की बाईची अर्धी धास्ती जाते. ‘तीस शब्द’ कसे करायचे हे तिला समजत नाही, पण सेकंदाला दोन-अडीच ठोके तिला टाळी वाजवून दाखवता येतात.

आता एक कागद घेऊ. समजा एका बाईने पाच मिनिटांत 875 ठोके टाइप केले आणि त्यात सहा चुका झाल्या. 875 भागिले पाच, म्हणजे 175 शब्द. पाच मिनिटांचे 175, म्हणजे मिनिटाला 35. हा झाला ढोबळ वेग. आता एका चुकीला एक शब्द वजा करायचा असं ठरलं, तर 175 मधून सहा गेले, 169 राहिले. मिनिटाला जवळपास 34. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत टायपिंगच्या मोठ्या स्पर्धा होत, तिथे एका चुकीला दहा शब्द कापत. 1906 पासून या स्पर्धा गाजवणारी रोझ फ्रिट्झ ही एक तरुण मुलगी होती. पुढे 1923 साली अल्बर्ट टँगोरा याने तासभर सलग मिनिटाला 147 शब्दांचा विक्रम केला. त्या नियमाने आपल्या बाईचे साठ शब्द जातील, उरतील 115, आणि वेग होईल मिनिटाला 23.

पाहा, बाई तीच, कागद तोच, पाच मिनिटंही तीच. एका नियमाने ती 35, दुसऱ्याने 34, तिसऱ्याने 23. एका ठिकाणी पास, दुसऱ्या ठिकाणी नापास. वेग हा आकडा आभाळातून पडत नाही. कुणीतरी बसून नियम ठरवलेला असतो. म्हणून परीक्षा असो की नोकरी, पहिला प्रश्न विचारायचा: चूक कशी मोजणार? एका चुकीला किती कापणार? मागे जाऊन दुरुस्त करायला परवानगी आहे का? हे विचारायला बायका लाजतात. क्लास चालवणारे सरसुद्धा कधीकधी ‘तुम्ही नुसतं टाइप करा हो ताई’ म्हणून वाटेला लावतात. फी दिली आहे, तर विचारायचा हक्क आहे.

टक्केवारीचा घोळ तर याहून मोठा. तोच कागद घ्या. 875 ठोक्यांमध्ये सहा चुकले, म्हणजे अचूकता 99 टक्क्यांच्या वर. पण तेच शब्दांनी मोजलं आणि कागदावर साधारण सव्वाशे शब्द असले, तर सहा शब्द चुकले म्हणून अचूकता 95 टक्के. आणि समजा तो मजकूर दहा फॉर्ममध्ये विभागलेला होता, सहा चुका पाच फॉर्ममध्ये पसरल्या, आणि नियम असा की ज्या फॉर्ममध्ये एक चूक तो पूर्ण फॉर्म बाद. मग अचूकता 50 टक्के! शंभरात एकही ठोका पुरता न चुकलेली बाई निम्मी नापास.

घरबसल्या टायपिंगच्या फसवणुकीचं इंजिन नेमकं हेच आहे. तिची पद्धत आता आपल्याला पाठ झाली आहे. जाहिरात येते. फोनवर गोड आवाजातली एक मुलगी ‘मॅडम, मॅडम’ करते. (तीही बिचारी कुठल्यातरी खोलीत तुटपुंज्या पगारावर बसलेली असते.) मोबाइलवर करारपत्र येतं, इंग्रजीत, पानंच्या पानं. त्यावर सही घेतात, आधार कार्डाचा फोटो घेतात. मग पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, अचूकता इतके टक्के हवी. मूळ कागदाचे फोटो पुसट असतात, शून्य आणि ‘ओ’ यात फरक कळत नाही. बाई स्वयंपाक उरकून रात्री दोनपर्यंत जागते, मुलीला बसवते, बहिणीला बसवते. काम पाठवल्यावर उत्तर येतं, की तुमची अचूकता कमी आहे, करार मोडला, आता नुकसानभरपाई भरा. कोणत्या चुका, कुठे, कशा मोजल्या, काही सांगत नाहीत. त्यानंतर ‘वकील’ फोन करतो, कोर्टाचा शिक्का असलेला कागद पाठवतो, पोलीस घरी येतील म्हणतो. बाई कुणाला न सांगता मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरते. भरले की आणखी मागतात.

अशी बाई आली की तिला आधी चहा द्या आणि मग सांगा, की टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून कुणाला अटक होत नाही. करार मोडला असं क्षणभर मानलं, तरी तो दिवाणी वाद आहे. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो सगळा वसूल होत नाही, वाजवी भरपाईच मिळू शकते. आणि ‘आज संध्याकाळपर्यंत या खात्यात पैसे टाका, केस मागे घेतो’ ही भाषा न्यायालयाची नसते. पैसे भरू नका. मेसेज, करारपत्र, फोन नंबर पुसू नका, सगळं जपून ठेवा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, पोलीस ठाण्यात लेखी द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी तिचं उत्पन्न पाहत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असतं, तिथे तिच्याबरोबर जा. तिला एकटीला पाठवू नका, बरोबर कुणी असलं की समोरच्याचा सूर बदलतो.

आता वेग वाढवायचा कसा, याकडे येते. इथे आपल्या अनेक गटांत एक समजूत घट्ट बसली आहे, की आधी वेग येऊ द्यावा, चुका मागाहून सुधारतील. हे उलटं आहे. हिशेब करून पाहा. चूक झाली आणि तीन अक्षरं पुढे गेल्यावर लक्षात आली, तर चार ठोके खोडायचे आणि चार पुन्हा मारायचे. आठ ठोके फुकट. म्हणजे दीड शब्दाहून जास्त गेला, शिवाय नजर उताऱ्यावरून सुटली, ती ओळ पुन्हा शोधायची. 2018 साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांबरोबर एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. एक लाख 68 हजार लोकांनी स्वेच्छेने इंग्रजी वाक्यं टाइप केली, तेरा कोटींहून जास्त ठोके तपासले. सरासरी वेग मिनिटाला 52 शब्द निघाला, आणि वेगवान माणसं कमी चुका करतात हेही दिसलं. म्हणून नवशिक्या बाईला पहिला महिना वेग विचारूच नका. सावकाश, पण बिनचूक. बोट योग्य कळीवर न बघता गेलं पाहिजे. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळींवर बारीक उंचवटा असतो, तो दोन्ही तर्जनींनी चाचपला की बाकीची बोटं आपापल्या घरी बसतात. अंधारात देवघरातली काडेपेटी सापडते ना, तसं.

सराव किती वेळ करायचा? याचं उत्तर आपल्या बायकांना फार सोयीचं आहे. इंग्लंडमध्ये टपालखात्यातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि लाँगमन यांनी 1978 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना रोज एकच तास शिकवलं, काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. कळफलक शिकायला रोज एक तासवाल्यांना एकूण सुमारे 35 तास लागले, चार तासवाल्यांना सुमारे 50. गंमत म्हणजे, कमी तासांत शिकलेला एक तासाचा गटच सर्वांत नाखूश होता, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना आपण मागे पडलो असं वाटत होतं. आपल्याकडेही हेच होतं. ‘मला काय, घरचं आवरून तासभरच मिळतो, मला कधी जमणार’ असं बाई म्हणते आणि क्लास सोडते. तिला हे सांगा. तिचा तो तास वाया जात नाही. मात्र तो रोज हवा. रविवारी एकदम पाच तास बसून रोजच्या तासाची भरपाई होत नाही. आणि तो तास मिळवून देण्यासाठी घरातल्यांशी बोलावं लागतं, कारण तासभर बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असं पाहणारी घरं अजून आहेत.

संगणक नसेल तर? कळफलक पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने काढा आणि त्यावर बोटं चालवा. वेग येणार नाही, पण जागा पाठ होतात. मोबाइलवर अंगठ्याने भराभर लिहिणाऱ्या मुलींना वाटतं आपल्याला येतंच. तो वेगळा हात आहे, त्याचा या परीक्षेला उपयोग नाही. मराठीसाठी आणखी एक सावधगिरी. जुन्या यंत्राच्या पद्धतीच्या कळफलकावर ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी मारतात, मग ‘क’. इन्स्क्रिप्ट पद्धतीत आधी ‘क’, मग वेलांटी. दोन महिने एक शिकून परीक्षेला दुसरा समोर आला, तर सगळी मेहनत उलटते. परीक्षेला कोणता कळफलक आहे हे क्लासला पैसे भरण्याआधी विचारा, शक्य तर लेखी घ्या.

चुकांची वही हे आमच्या गटातलं सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन. रोजच्या तासाच्या शेवटी पाच मिनिटांची चाचणी. घड्याळ मैत्रिणीने लावायचं. ठोके, चुका आणि कोणत्या कळीवर चूक झाली ते वहीत लिहायचं. आठवड्याने पान उलटलं की दिसतं, की बाई सगळीकडे चुकत नाही. कुणाची करंगळी कमजोर असते, कुणाचा ‘ष’ आणि ‘श’ अडतो, कुणी ओळ बदलताना अडखळतं. मग सगळा उतारा पुन्हापुन्हा मारण्याऐवजी तेवढ्याच कळींचा सराव करायचा. ही वही बाईची स्वतःची असू द्या. तिच्या परवानगीशिवाय आकडे भिंतीवर लावू नका. नंबर लावले की मागची बाई येणं बंद करते, हे आपण शिवणवर्गातही पाहिलं आहे.

शरीराबद्दल. पाय जमिनीला टेकलेले, कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ. प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसून उंच टेबलावर टाइप केलं की मनगट वाकतं आणि खांदे वर चढतात. आपल्या बायका दिवसभर कपडे पिळून, भाकऱ्या थापून मग कळफलकावर बसतात. हाताला मुंग्या येणं, रात्री बोटं बधिर होणं हे ‘सवयीने जाईल’ म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. अर्ध्या तासाने उठून हात मोकळे करा. वेगाच्या नादात मनगट गमावलेली बाई पुढे धुणं-भांड्यांचं कामसुद्धा करू शकत नाही.

आणि खरं तेही सांगायला हवं. टायपिंग आलं की नोकरी मिळाली, असा काळ संपला आहे. आता मोबाइलला बोललं की तो मराठी लिहून देतो. ओळीने टायपिस्ट बसलेली ऑफिसं गेली. मुलींना खोटी आशा दाखवून क्लास भरवणं हे मला आपलं काम वाटत नाही. पण लिपिकाच्या जागांना परीक्षा आहे, अनुकंपावाल्या बाईला मुदत आहे, आणि सेतू केंद्रात, तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात अजून माणूसच टाइप करतो. तिथे अचूकतेला वेगळीच किंमत आहे. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांत एका वेलांटीचा फरक. एका कागदावर हे, दुसऱ्यावर ते, म्हणून निराधार योजनेचा अर्ज अडकलेल्या बायका तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या वेलांटीपायी तालुक्याला चार खेपा, चार दिवसांची मजुरी. त्या टेबलामागे आपली एखादी बाई बसली असेल आणि ‘ताई, आधार कार्डावर कसं आहे ते दाखवा’ म्हणून थांबत असेल, तर तिचा मिनिटाला 30 चा वेग मला पुरे आहे.

मजुरीचा प्रश्न मी मुद्दाम चर्चेसाठी ठेवते. पानामागे पैसे घ्यावेत की तासामागे, यावर आमच्या गटात एकमत नाही. पानामागे घेतले तर वेगवान बाईला फायदा, पण चूक दुरुस्त करायचा वेळ फुकट जातो. तासामागे घेतले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तुमच्याकडे काय चालतं ते ऐकायचं आहे.

त्याआधी एक काम. समोरच्या सहा संगणकांवर दोघी-दोघी बसा. एकीने टाइप करायचं, दुसरीने घड्याळ आणि वही सांभाळायची. उतारा म्हणून सकाळचाच पोटगीचा अर्ज ठेवला आहे. वेळ पाच मिनिटं. चुका तीनही नियमांनी मोजा आणि तिन्ही आकडे वहीत लिहा.